आधी रस्ता, मग गाडी

जुना जालना,
मृगाच्या तोंडावर

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला व्हिडिओ पोरांना घेऊन पाहिला. मेलबर्नच्या जुन्या बाजारात तुला स्लॉट कारचा, म्हणजे खाचेतून धावणाऱ्या विजेच्या गाड्यांचा, अख्खा सेट मिळाला, तोही दोन गाड्या, ट्रान्सफॉर्मर आणि कंट्रोलरसकट! फार आनंद झाला. तुमच्याकडे आता थंडी, पोरं घरात अडकलेली. त्यांच्यासाठी याहून चांगला खेळ नाही. पण तुझी गाडी पहिल्या सरळ पट्ट्यात झोकात सुटते, वळण घेतलं की मरगळते आणि पलीकडच्या टोकाला उभीच राहते. मग धाकटी तिला बोटानं ढकलते. तू विचारलंस, मोटर गेली असेल तर नवी मागवू का?

मागवू नकोस. मोटर गेलेली गाडी सगळीकडेच रडते. तुझी गाडी तशी नाही. वीज ज्या तुकड्यातून ट्रॅकमध्ये शिरते त्याच्या आसपास ती छान पळते आणि तिथून लांब गेली की दम सोडते. शिवाय दुसरी गाडीसुद्धा तिथंच थांबते, हे तू स्वतःच लिहिलंयस. दोन वेगवेगळ्या मोटरी एकाच जागी कशा दमतील? दुखणं रस्त्याचं आहे. या छंदात इतकी वर्षं रमल्यावर माझं एक पक्कं मत झालंय: आपण गाडीवर जीव लावतो आणि ट्रॅककडे पाहत नाही. खरी निगा आधी रस्त्याची, मग गाडीची. आज तेवढंच सविस्तर लिहितो. पत्र लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी हे चालतं कसं ते पोरांना सांग, म्हणजे तीही हौसेनं हाताशी येतील. १९५२ साली इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस या कारागिरानं ‘स्केलेक्स’ नावाच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या गाड्या काढल्या. स्प्रिंग उलगडली की गाडी थांबायची. पुढं त्यानं त्यांना वीज जोडली, आणि १९५७ साली ‘स्केलेक्सट्रिक’ बाजारात आलं. सुरुवातीचे ट्रॅक रबराचे होते, प्लॅस्टिकचे नंतर आले. जर्मनीत १९६३ पासून ‘करेरा’ निघालं. पण मूळ रचना आजही तीच आहे. प्रत्येक मार्गाच्या मधोमध एक खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूची एकेक पट्टी. गाडीच्या पोटाखालचा गाईड खाचेत उतरतो आणि गाईडच्या दोन्ही अंगांना लावलेल्या, तांब्याच्या बारीक तारा विणून केलेल्या वेण्या त्या पट्ट्यांवरून घासत जातात. एका पट्टीतून वीज येते, मोटरमधून फिरते, दुसऱ्या पट्टीतून परत जाते. हातातला कंट्रोलर किती वीज सोडायची ते ठरवतो. साधारण १२ व्होल्टचा खेळ.

म्हणजे धावत्या गाडीला वीज मिळते ती फक्त त्या घासणाऱ्या वेणीतून. वेणी आणि पट्टी यांच्यात काही आलं की संपलं. आणि काय काय येतं म्हणतोस! गाडी उडते-आपटते तेव्हा बारीक ठिणग्या पडतात, त्यांची काजळी. टायरच्या रबराची भुकटी. आसातून उडालेलं तेल. हवेतली धूळ. हे सगळं मिळून पट्टीवर काळपट चिकट थर बसतो. तो दिसायला नगण्य असतो, पण विजेची वाट अडवतो. वीज नीट पोहोचली नाही की ठिणग्या वाढतात, आणि ठिणग्या वाढल्या की काजळी वाढते. म्हणून मळका ट्रॅक दिवसागणिक आणखी मळतो. पोरं रोज खेळत असतील तर आठवड्यातून एकदा पुसणं हे काही नसते लाड करणं नाही, ते लागतंच.

आमच्याकडे तर धुळीचा मुक्कामच आहे. आपल्या वाड्यांची घरं तुला आठवत असतीलच. आमच्या माडीवर अजून माळवद आहे. जाड मातीचं, उन्हाळ्यात गारवा देणारं, पण वर कुणी चाललं की खाली माती झरणारं. म्हणून ट्रॅकच्या खोलीत पूर्वीसारखा कापडी चांदवा बांधलाय. चैत्र-वैशाखातल्या वावटळींनी खिडकी बंद असली तरी टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ बसते. कापसाच्या दिवसांत हवेत तंतू असतात, ते मागच्या आसाला गुंडाळतात. आणि वेग आला तरी गाडी रस्त्याला धरून राहावी म्हणून तिच्या पोटाखाली जे लोहचुंबक असतं, ते लोखंडाचा कण न् कण ओढून घेतं. आपल्या पोलादाच्या गावात असे कण कमी नाहीत. गाडी उलटी करून चुंबकावर चिकटपट्टी दाबून उचलली की लोखंडाच्या मिशा निघतात. तुमच्याकडे धूळ कमी, पण तुझा सेट कुणाच्या तरी गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं पडून होता, तेव्हा पहिली सफाई तुलाही इथल्यासारखीच करावी लागेल.

आता कृती. सगळ्यात आधी ट्रान्सफॉर्मरचा प्लग भिंतीतून काढ. नुसतं बटण बंद करून चालणार नाही.

पहिली सफाई कोरडी. रंगाचा रुंद मऊ ब्रश घेऊन धूळ एका दिशेनं सार, नाहीतर व्हॅक्यूम लाव. तोंडानं फुंकर मारू नकोस, वाफ बसते. मग खाच. खाचेत केस, तंतू, तुटलेल्या वेणीच्या तारा अडकून बसतात, आणि अशी एखादी तांब्याची तार आडवी पडून दोन्ही पट्ट्यांना टेकली तर शॉर्ट होतं. जुन्या प्लॅस्टिक कार्डाची अरुंद पट्टी कापून खाचेतून फिरव, कडांना टूथब्रश लाव. कोरडी सफाई आटोपल्याशिवाय ओलं फडकं लावायचंच नाही, नाहीतर धुळीचा चिखल होऊन खाचेत आणि सांध्यांत बसतो, आणि तिथून तो काढणं फार कठीण.

दुसरी सफाई आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, म्हणजे आयपीएनं. इथं मोबाईल दुरुस्तीवाले बोर्ड धुवायला तेच वापरतात, त्यांना सामान पुरवणाऱ्या दुकानात सहज मिळतं. कापड मात्र तंतू न सोडणारं हवं. जपून ठेवलेल्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याइतकं चांगलं कापड मला कुठल्याच बाजारात दिसलं नाही. बनियनचं घेऊ नकोस, ते लव सोडतं. कापड नुसतं ओलसर कर, बाटली ट्रॅकवर ओतू नकोस. पट्टीच्या लांबीत पूस, कापडाची जागा बदलत जा, आणि काळं येणं थांबेपर्यंत पुसत राहा. खिडक्या उघड्या ठेव, जवळपास दिवा-उदबत्ती नको, कारण आयपीए भपकन पेट घेतं. पूर्ण उडून गेल्यावरच वीज जोडायची. पाणी मात्र टाळ. आमचं बोअरचं पाणी जड, वाळलं की क्षाराचा पांढरा थर सोडतं. पण गोडं पाणीसुद्धा सांध्यात शिरून गंज धरवतं. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांना तर खोलीत आणूच नकोस, प्लॅस्टिक विरघळतं किंवा पांढरं पडतं.

गंज दिसला तर? करेराच्या पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या, त्या सहसा गंजत नाहीत. स्केलेक्सट्रिकच्या जुन्या पट्ट्या मुलामा दिलेल्या पोलादाच्या. मुलामा घासला गेला की खालचं पोलाद तांबारतं. तिथं साधं खोडरबर हळूहळू घास. अगदीच हट्टी डाग असेल तर मॉडेल रेल्वेवाले रूळ साफ करायला जे खरखरीत रबर वापरतात ते घे. पॉलिश पेपर नको, तो उरलासुरला मुलामाही खातो आणि जे ओरखडे पाडतो त्यांत मळ आणखी घट्ट बसतो. स्टीलची घासणी तर अजिबात नको. तिचे बारीक तुकडे चुंबकाकडे धावतात, मोटरमध्ये शिरतात आणि चांगली मोटर जाळतात. गंज निघाल्यावर भुकटी पुसून घे आणि शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब कापडावर घेऊन पट्टीवरून फिरव, मग कोरड्या कापडानं पुन्हा पूस. डोळ्यांना दिसणार नाही इतकाच थर राहायला हवा. तेल जास्त झालं तर टायर घसरतात आणि धूळ चिकटते.

एवढं केल्यावर गाडी पुष्कळ सुधारेल. पण तुझी खरी व्याधी मला सांध्यांत दिसते, आणि ती सगळ्यात रंजक आहे.

ट्रॅकचे तुकडे एकमेकांत अडकतात तेव्हा पट्टीची जीभ शेजारच्या पट्टीत घुसते. ती सैल किंवा मळकी असली की त्या जागी विजेला अडथळा होतो. समज, एका सांध्यात १ ओहमचा अडथळा आहे. गाडी वळणातून बाहेर पडताना जोर करते, तेव्हा तिनं १ अँपिअर ओढला तर त्या एका सांध्यावर १ व्होल्ट खर्च झाला. असे तीन सांधे वाटेत असले की १२ पैकी ३ व्होल्ट गेले, पाव जोर संपला. आणि जिथं जोर हवा तिथंच तो मिळत नाही, कारण जितका प्रवाह जास्त तितका तोटा जास्त.

त्यात आणखी एक गंमत आहे. ट्रॅक गोल असतो, म्हणून गाडीकडे वीज दोन्ही बाजूंनी येते. एक सांधा पूर्ण तुटला तरी दुसऱ्या वाटेनं काम चालतं आणि आपल्याला काही कळत नाही. दुसराही सांधा गेला की त्या दोघांमधला सगळा भाग एकदम मरतो. तुझं तेच झालं असणार. मग लोक समजतात, काल तर चालत होतं, आज अचानक मोटर गेली!

शोधायची युक्ती सांगतो. नुसता मल्टीमीटर लावून कळणार नाही, कारण वीज वाहतच नसेल तर सैल सांधाही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. भार हवा. मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा दिवा घे, त्याला दोन तारा जोड. ट्रान्सफॉर्मरवर किमान १ अँपिअर लिहिलंय ना ते पाहा. कमी असेल तर ५ वॉटचा दिवा घे. आता पॉवरच्या तुकड्याची एक बाजू सोडव, म्हणजे वर्तुळ तुटेल आणि वीज एकाच वाटेनं जाईल. मग प्लग लाव. थोरल्याला कंट्रोलर पूर्ण दाबून धरायला सांग, आणि तू दिव्याच्या तारा एकेका तुकड्याच्या दोन पट्ट्यांना टेकवत पुढं जा. दिवा लख्ख, लख्ख, लख्ख, आणि मग एका तुकड्यावर मंद. त्या तुकड्याआधीचा सांधा गुन्हेगार. तिथं खडूनं खूण कर. प्रत्येक जागी दिवा क्षणभरच टेकव, कंट्रोलर तापू देऊ नकोस. हे सगळं साध्या सेटसाठी. डिजिटल सेट असेल तर दिवा लावू नकोस.

प्लग पुन्हा काढून सापडलेला सांधा सोडव, जिभा आणि खोबणी आयपीएनं पूस, आणि नोज प्लायरनं जीभ किंचित वाकवून घट्ट बसेल अशी कर. किंचितच. ट्रॅक फार मोठा असेल तर पॉवरच्या तुकड्यापासून समोरच्या टोकापर्यंत खालून दोन तारा नेऊन वीज दुसऱ्या जागीही द्यावी. मात्र ज्या पट्टीची तार तिलाच लावायची, उलटी झाली तर शॉर्ट.

तुला आपलं जालना स्टेशन आठवतं ना? मीटरगेज होतं तेव्हापासून आपण ज्याला रुळांवरून चालत जाताना पाहिलं तो कीमन आठवतो का? हातात हातोडा आणि पाना, रोज आपला ठरलेला पल्ला पायी चालायचा, प्रत्येक चावी, सांध्यावरची प्रत्येक फिशप्लेट बघत. नव्वदीच्या दशकात ब्रॉडगेज आलं, ३० डिसेंबर २०२३ ला जालन्याहून मुंबईची वंदे भारत सुटली, सगळं गाव स्टेशनवर लोटलं, सगळ्यांनी गाडीचे फोटो काढले. मला मात्र तेव्हा तो कीमन आठवला. गाडी बदलते, डबे बदलतात. रूळ रोज बघणारा माणूस लागतोच. मला वाटतं, आपल्या टेबलावरच्या ट्रॅकलाही एक कीमन हवा. आमच्याकडे पोरांनी पाळी लावून घेतलीय, ज्याची पाळी तो खेळ सुरू होण्याआधी प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवतो. सांधा वर उचललेला असेल तर बोटाला लगेच लागतो.

सुट्टीत आलास की पोरांना पुण्याला कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात घेऊन जा. भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं, १९९८ साली लोकांसाठी खुलं झालेलं. तिथल्या छोट्या आगगाड्या बघताना मला सारखं वाटत होतं, हे आपलेच भाऊबंद. त्याही रुळांतूनच वीज घेतात. तेव्हा मळ, सैल सांधा, धूळ, हे सगळे शत्रू सामाईक. पोरांचं लक्ष गाड्यांकडे असेल, तू रुळांकडे बघ. एवढा मोठा पसारा रोज लोकांसमोर चालता ठेवायचा म्हणजे काय, ते तुला आता कळेल.

आता गाडीकडे वळतो, तिच्याही काही गरजा आहेत. वेण्या आधी बघ. काळ्या आणि कडक झाल्या असतील तर आयपीएत ब्रश बुडवून साफ कर, टोकं थोडी पिसार आणि हलकी खाली वाकव, म्हणजे पट्टीला नीट टेकतील. फार वाकवल्या तर गाडीचं नाक वर उचललं जातं आणि गाईड खाचेतून सुटतो. दोन बाजूंच्या तारा एकमेकींना शिवता कामा नयेत. अगदी झिजल्या असतील तर मोटरऐवजी वेण्याच मागव, अत्यंत स्वस्त काम आहे.

मागच्या टायरना धूळ लागली की पकड जाते. चिकटपट्टी उलटी टेबलावर ठेव, तिच्यावर चाकं फिरव, सगळा कचरा पट्टीवर येतो. आसाभोवतीचे केस चिमट्यानं काढ. आसाच्या दोन्ही टोकांना सुईच्या टोकावर मावेल इतकं तेल, मोटरच्या टोकांच्या बुशांनाही तितकंच. मोटरच्या आतल्या ब्रशना तेल लागू देऊ नकोस. आणि गाडी महिनोन्‌महिने चाकांवर उभी ठेवू नकोस, टायरला सपाट डाग पडतो. खाली छोटा ठोकळा ठेवून चाकं अधांतरी ठेव.

ऋतूंचं सांगायला हवं. आमच्याकडे वैशाखात पारा ४२-४३ पर्यंत जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर ट्रॅक ठेवला तर प्लॅस्टिक वाकतं, आणि वाकलेला तुकडा सांध्यावर कायमचा ताण देतो. म्हणून तुकडे आडवे, सपाट, थंड खोलीत. तुमच्याकडेही जानेवारीत काही दिवस असेच भाजतात, गॅरेजमध्ये ठेवू नकोस. पावसाळ्यात उलट काळजी. आषाढीला आनंदी स्वामींची पालखी निघेपर्यंत इथली हवा ओलसर झालेली असते; त्याआधी मी सगळ्या पट्ट्यांवर तेलाचा हात फिरवून घेतो. झाकायला ऑइलक्लॉथ, पण टोकं मोकळी सोडून, नाहीतर आतला दमटपणा आतच कोंडतो. औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मी फेकत नाही, त्या सुट्या तुकड्यांच्या पेटीत जातात.

हे सगळं वाचून तुला वाटेल, खेळापेक्षा पुसणंच जास्त. पण मला त्यातच या छंदाचं मोल दिसतं. आमच्या गल्लीतली पोरं येतात तेव्हा आमचा एक नियम आहे: ज्याला शर्यत लावायची त्यानं आधी एक फेरा पुसायचा. सुरुवातीला पोरं कुरकुरतात. मग कुणीतरी स्वतःच्या हातानं सांधा घट्ट करतो, मेलेल्या वळणावर गाडी पुन्हा सुसाट जाते, आणि त्याचा चेहरा शर्यत जिंकल्यापेक्षा जास्त खुलतो. वीज कुठून येते, कुठं अडते, अडली तर कशी शोधायची, हे त्या पोराला पुस्तकाविना कळलेलं असतं. पुढं घरातला पंखा बंद पडला तर तो लगेच नवा आणा म्हणत नाही, आधी तार कुठं सैल झाली ते बघतो. तुझ्या पोरांच्या हाती हेच यावं असं मला मनापासून वाटतं. नवी मोटर मागवलीस तर पार्सल येईल. हे येणार नाही.

तेव्हा या रविवारी इतकंच कर: कोरडी सफाई, आयपीएची सफाई, आणि दिव्याची चाचणी. तेल, वेण्या, टायर पुढच्या आठवड्यात. दिवा कुठल्या तुकड्यावर मंद झाला त्याचा फोटो पाठव, सांध्याच्या जिभेचाही जवळून काढ, म्हणजे किती वाकवायची ते मी सांगतो. दिवाळीत येशील तेव्हा तुझी एक गाडी बरोबर आण. आमच्या ट्रॅकची खाच तिच्या गाईडला बसते का ते पाहू, आणि बसली तर गल्लीतल्या पोरांशी तुझ्या पोरांची शर्यत. पुसायची पाळी अर्थातच पाहुण्यांची पहिली.

वहिनींना नमस्कार, पोरांना खूप खूप आशीर्वाद. आईनं तुझी आठवण काढली आहे, तिच्याशी एकदा बोल.

तुझा,
जुन्या जालन्यातला दोस्त